इटलीवालीचं पासिंग

अश्वजितची कार दारात थांबली तेव्हा मंजुश्री ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. दीर उतरला, आणि तिची नजर आधी गेली ती त्याच्या हातांकडे. हातात पेढ्यांचा पुडा होता. रिकाम्या हातानं आलेला अश्वजित म्हणजे सहज आलेला अश्वजित, आणि गोड घेऊन आलेला म्हणजे काहीतरी ठरवून आलेला. तीस वर्षांच्या संसारात तिनं हे अनेकदा पडताळून पाहिलं होतं.

“वहिनी, दादा कुठी आहे?”

“शेडमध्ये.”

“अन् समता?”

“तीही शेडमध्ये. हबीबचाचा पण तिथंच आहेत. सकाळपासून तिघांनी चहासुद्धा तिथंच मागवला.”

अश्वजितनं पुडा तिच्याजवळ ठेवला. निंबाखाली बाजेवर बसलेल्या वडिलांकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. “उद्या पासिंग नाही झालं तं ठरलं तसं. दादानं शब्द देला आहे. हॉटेलवाला मंगळवारी टेम्पो घेऊन येतो म्हणते.”

“ठाऊक आहे मला,” मंजुश्री म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

जानेफळात तायड्यांच्या घरच्या त्या लाल मोटारसायकलीला सगळे इटलीवालीच म्हणत. टाकीवर दुकाटी असं लिहिलेलं होतं, पण ते नाव घरात कुणाच्या तोंडी कधी बसलं नाही. मंजुश्रीच्या नवऱ्यानं, रवीनं, ती पंचवीस वर्षांपूर्वी आणली, आणि गाडीची पंधरा वर्षं भरल्यापासून दर पाच वर्षांनी बुलढाण्याच्या आरटीओत नेऊन तिचं पासिंग करून आणावं लागे. मागच्या दोन्ही वेळा रवी स्वतः चालवत घेऊन गेला होता. यंदा मात्र गाडी पावसाळ्यापासून शेडमध्येच उभी होती. इंजिनाचे बेल्ट जुने झालेत, नवे आल्याशिवाय चालवायची नाही, असं तो म्हणे. बेल्ट इटलीहून आले, त्यालाही दोन महिने झाले, तरी गाडी उभीच.

मग अश्वजितनं संभाजीनगरचा तो हॉटेलवाला शोधून काढला. त्याला हॉटेलच्या पुढच्या दालनात काचेच्या खोलीत ठेवायला एखादी जुनी परदेशी मोटारसायकल हवी होती. समतानं काकाशी आठ दिवस बोलणं टाकलं. म्हातारी बनाबाई मात्र धाकट्या मुलाच्या बाजूनं उभी राहिली, कारण नात ती गाडी चालवते हे तिला कधीच रुचलं नव्हतं. आणि रवी, ज्यानं त्या गाडीच्या पेट्रोलच्या नळीलासुद्धा परक्याचा हात लागू दिला नव्हता, तो शांतपणे म्हणाला, “पासिंग झालं तर राहील. नाही झालं तर घेऊन जा.”

सगळ्यांना नवल वाटलं. मंजुश्रीला वाटलं नाही. मागच्या उन्हाळ्यापासून नवऱ्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हळूहळू वाढेल म्हणाले. परतताना बसमध्ये रवी एवढंच बोलला होता, “घरात कोणाला सांगू नको. समताले तं बिलकुल नाही.” तिनं सांगितलं नव्हतं. पण चहाचा कप त्याला अर्धाच भरून द्यायची तिला सवय लागली होती.

शेडमधून स्टार्टरचा आवाज आला. मंजुश्री शेंगा ठेवून उठली.

इटलीवाली मधल्या स्टँडवर उभी होती, बाजूचं लाल कवच काढलेलं, इंजिन उघडं. समता तिच्याशेजारी उकिडवी बसली होती. चिखलीला विजेच्या ऑफिसात ती अभियंता होती, सत्तावीस वर्षांची, आणि रविवार आला की बापाचा जुना शर्ट घालून शेडमध्ये शिरायची. हबीब मिस्त्री स्टुलावर बसले होते. मेहकरात त्यांचं लेथचं दुकान होतं. इटलीवालीचा जो भाग मिळत नसे, तो गेली पंचवीस वर्षं त्यांनी आपल्या हातानं कातून दिला होता. रवी भिंतीला टेकून उभा होता, उजवा हात खिशात.

“पुन्हा मार,” रवी म्हणाला.

समतानं बटण दाबलं. गाडी सुरू झाली, पण नेहमीसारखी नाही. अंग झटकत, अडखळत, एखादा माणूस एका पायात चप्पल घालून चालावा तशी. समतानं रेस दिली तर आवाज वाढायच्या आधी खोकला आला. तिनं बंद केली.

“प्लग नवे आहेत,” ती म्हणाली. “कार्बोरेटर काल साफ केले. करंट दोन्हीकडे आहे. हबीबचाचा, तुम्हाला काय वाटते?”

“बेटा, चाळीस वर्षं लेथनं मायाच कान कातला,” हबीब म्हणाले. “आता बायको हाक मारते तेही मले अंदाजानं समजते. तुया बापाले विचार.”

रवी जमिनीवरचा पाना पायानं बाजूला सारत राहिला. अश्वजित दारात येऊन उभा राहिला होता. त्याच्यामागून बनाबाई आली.

“नाही म्हणते ना ते,” बनाबाई म्हणाली. “मंग कायले तिच्या मागं लागता? जुनं झालं की मानूसबी बसते बाप्पा एका जागी.”

“आजी, ती बसलेली नाही. आजारी आहे फक्त.”

“मी कुठी काय म्हणलं? काचेत राहीन, पुसून-गिसून ठेवतीन लोक. तू पडशीन त्याच्यापेक्षा बरं.”

“मी कधी पडले, आजी?”

“पडल्यावर सांगू का?”

तेवढ्यात निंबाखालून आवाज आला. मोठा नव्हता, पण शेडमधले सगळे थांबले.

“उभ्याची वेळ चुकली तिच्या.”

बाजेवर कचरूबाबा बसले होते, शेडकडे पाठ करून. ती बाज पंचवीस वर्षं तशीच टाकली जात होती, शेडकडे पाठ येईल अशी, आणि तिचं कारण अख्ख्या जानेफळाला ठाऊक होतं.

रवी इटलीत ट्रॅक्टरच्या कारखान्यात वेल्डर होता. नऊ वर्षं राहिला. कायमचा परत यायचं ठरलं तेव्हा त्यानं पत्रात लिहिलं, सोबत गाडी आणतो आहे. कचरू तायडे त्या वेळी मेहकर डेपोत एसटीचे ड्रायव्हर. त्यांनी गावभर सांगितलं, पोरगा ज्या कारखान्यात आहे तिथला ट्रॅक्टर घेऊन येऊन राह्यला. ज्या दिवशी ट्रक आला त्या दिवशी लोक हार घेऊन जमले. ट्रॅक्टरवर बसून पहिला नांगर कोणाच्या शेतात धरायचा यावर पैजा लागल्या. लाकडी पेटी उतरवली, फळ्या काढल्या, आणि आतून निघाली लाल मोटारसायकल. लोकांच्या हातातले हार तसेच राहिले. मग कोणीतरी म्हणालं, “कचरू, हिले वखर कुठून जोडाव बे?” आणि जे हसू सुटलं ते वर्षभर गावात पुरलं. कचरूबाबांनी त्याच जागी सांगून टाकलं की या गाडीले मी हात लावणार नाही. बापलेक एका घरात राहिले, एका पंगतीत जेवले, जयंतीच्या मिरवणुकीत शेजारी चालले, पण त्या गाडीचा विषय दोघांमध्ये पुन्हा निघाला नाही.

म्हणून आता शेडमध्ये कोणी हललं नाही. शेवटी समताच दारापर्यंत गेली.

“आबा, काय म्हणाले तुम्ही?”

“म्हणलं, दोन सिलिंडर आहेत ना तिले. एक आडवं, एक उभं. आडवं बरोबर ठोकते. उभंबी ठोकते, पन उशिरा. पेट्रोलचा दोष नाही, करंटचा नाही. वेळेचा आहे. उभ्यावरचा पट्टा खोलून पाय.”

समतानं वळून बापाकडे पाहिलं. मंजुश्रीनंही पाहिलं, आणि रवीच्या चेहऱ्यावरून तिला समजलं. त्याला ते आधीच कळलं होतं.

समता पुन्हा खाली बसली. उभ्या सिलिंडरच्या बेल्टवरचं झाकण तिनं काढलं, इंजिन हातानं हळूहळू फिरवून खुणेवर आणलं आणि टॉर्च मारली. दातेरी चाकावरची रेघ आणि इंजिनावरची रेघ समोरासमोर यायला हवी होती. ती आली नव्हती.

“एक दात,” ती म्हणाली. “बेल्ट एक दात मागं बसला.”

हबीब वाकून पाहू लागले. “एकच आहे ते नशीब समज. दोन असते तं व्हॉल्व्ह अन् पिस्टनची टक्कर झाली असती. मंग हॉटेलवाल्यानंबी नसती नेली.”

“माझ्याकडून झालं,” समता म्हणाली. “काल अंधार पडत आला होता. मी खूण नीट पाहिली नाही.”

मंजुश्रीला ठाऊक होतं की हे खोटं आहे. काल संध्याकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा आडव्याचा बेल्ट समतानं बसवला होता, आणि उभ्याचा बसवायला रवी वाकला होता. पोरीनं पाना पुढं केला तेव्हा त्यानं मानेनंच नको म्हटलं होतं. समता मागं सरकून उभी राहिली होती, ओठ घट्ट मिटून, बापाच्या हाताकडे बघत. म्हणजे पोरीलाही कळलेलं होतं. किती दिवसांपासून, कोण जाणे. या घरात जो तो एकच गोष्ट दुसऱ्यापासून लपवत होता.

“पाहिलं ना,” अश्वजित म्हणाला, पण त्याच्या आवाजात जोर नव्हता. “पोरीच्या हातून असं होऊ शकते. उद्या रस्त्यावर झालं असतं तं?”

“पोरीच्या हातून नाही झालं.”

रवी भिंतीपासून पुढं आला. त्यानं खिशातून उजवा हात काढला आणि सगळ्यांसमोर धरला. हात थरथरत होता, अंगठा आणि पहिलं बोट तर सारखं काहीतरी चोळत असल्यासारखं.

“तो बेल्ट मी बसवला. तिनं नाही. माया हात आता खुणेवर राहत नाही.” तो भावाकडे वळला. “आजार आहे अश्वजित. गोळ्या चालू आहेत. म्हणून गाडी पावसाळ्यापासून उभी आहे. बेल्ट-गिल्ट सगळं निमित्त होतं.”

बनाबाई दोन पावलं पुढं आली आणि तिनं लेकाचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. तिच्या हातात तो जरा कमी हलला.

“मले माहीत होतं,” अश्वजित म्हणाला.

“तुले कोणी सांगतलं?”

“कोणी नाही. आपण अशोक विजयादशमीले नागपूरले गेलो होतो तवा दीक्षाभूमीवर तुया हातातून बशी पडली. तू म्हणला, गर्दीत धक्का लागला. मी तुया शेजारीच होतो दादा. धक्का नव्हता लागला.” त्यानं मान खाली घातली. “तू लपवून राह्यला होता, मंग मी कसा बोलू? मले वाटलं, गाडीच घरातून गेली तं तू तिच्यावर बसणार नाही. म्हणून तो हॉटेलवाला पाहिला.”

पेढ्यांच्या पुड्यावरून आपण काय अर्थ काढला होता ते मंजुश्रीला आठवलं, आणि तिला दिराकडे बघवेना. तिनं उगाच पदर सारखा केला.

बाजेचा करकर आवाज झाला. कचरूबाबा उठले होते. काठी टेकत ते अंगण ओलांडून आले, उंबऱ्याशी थांबले, आणि मग आत आले. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी गाडीकडे पुढून मागं एकदा पाहिलं, डेपोत सकाळी बस ताब्यात घेताना पाहत असत तसं.

“टायर बरे आहेत,” ते म्हणाले. “पाना दे पोरी, रवीले नको. तू धर.”

“आबा, तुम्ही तं—”

“मी हात नाही लावून राह्यलो. तू लावून राह्यली. मले सांग, रिटायर झालो तवा शेवटची दोन वर्षं मी कुठी होतो?”

“डेपोत. गॅरेजमध्ये,” रवी म्हणाला.

“काऊन होतो?”

“वय झालं म्हणून.”

“वय कायचं? डोये गेले होते माये. समोरून ट्रक आला की दोन दिसत. कोणाले माहीत नव्हतं. डेपो मॅनेजरले मीच जाऊन सांगतलं, साहेब, स्टेअरिंग काढून घ्या. पन्नास माणसं माया मागं बसतात.” म्हाताऱ्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली. “मंग गॅरेजात बसलो. पहिले आठ दिवस वाटलं, आपण मेलो. नवव्या दिवशी एक बस आली, सारे मिस्त्री तिच्याभोवती फिरून राह्यले. मी बसल्या जागून सांगतलं तिचं दुखणं. तवापासून मले इचारल्याशिवाय बस बाहेर जायची नाही. हात गेला तं कान राहते रवी. डोक्यात जे आहे ते तं कुठी जात नाही. ते हिले दे.”

रवी म्हणाला, “तुमाले तिचा आवाज एवढा पाठ आहे, बाबा?”

“पंचवीस वर्षं आयकून राह्यलो. मेहकर फाट्यावर असली तं सांगतो, तू चालवून राह्यला का ही.”

“अन् मले म्हणत, त्या गाडीनं दुपारची झोप मोडते,” बनाबाई म्हणाली. “हात लावणार नाही म्हणे.”

“हात नाहीच लावला. कानाचं काही बोललो नव्हतो.”

पहिले हसले ते हबीब, कदाचित त्यांना अर्धंच ऐकू आलं असेल म्हणून. मग समता हसली, मग अश्वजित, आणि मग रवी असा हसला की त्याला डोळे पुसायला डावा हात लागला.

पुढचा तास मंजुश्री आयुष्यात विसरणार नव्हती. रवी स्टुलावर बसून सांगत होता आणि समताचे हात चालत होते. ताण किती ठेवायचा, पट्टा बोटानं दाबला तर किती हलावा, खूण डोळ्यांच्या सरळ रेषेत आणून पाहायची, तिरकी नाही. अश्वजित टॉर्च धरून होता आणि दर दोन मिनिटांनी त्याचा उजेड भलतीकडे जात होता. बनाबाईनं स्वतः चहा केला. कचरूबाबा डोळे मिटून बसले होते.

समतानं बटण दाबलं.

या वेळी गाडी अडखळली नाही. खोल, गोल, सारखा आवाज आला. टिनाचे पत्रे थरथरले, निंबावरच्या साळुंक्या उडाल्या. त्या आवाजाखालून डब्यात चिल्लर हलवल्यासारखी खळखळ येत होती.

“हे काय वाजून राह्यलं?” अश्वजित घाबरून म्हणाला. “अजून काही चुकलं का?”

“तो क्लच आहे काका. तेलात नसतो, कोरडा असतो. तो असाच वाजतो.”

सगळे कचरूबाबांकडे बघत होते. त्यांनी डोळे उघडले नाहीत. नुसती मान हलवली, आणि काठीचं टोक इंजिनाच्या ठेक्यावर जमिनीवर हळूच आपटत राहिले.

सोमवारी सकाळी निघताना बनाबाईनं एकच अट घातली. पोरगी एवढ्या लांब एकटी जाणार नाही. मागं घरचं कोणीतरी बसलं पाहिजे.

“मी बसतो,” रवी म्हणाला.

“तू कारमध्ये,” बनाबाई म्हणाली. “मले धरायले पाहिजे कोणी.”

अश्वजितचं पोट मागच्या सीटवर मावणार नव्हतं हे त्याचं त्यालाच मान्य होतं. सगळ्यांची नजर फिरत फिरत मंजुश्रीवर आली. तिनं शाळेत रजा टाकलेली होती ती कारमध्ये बसून जायला. जिल्हा परिषदेच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं मुलांना रांगेत डावीकडून चालायला शिकवलेली बाई. रवीच्या मागं ती मेहकरच्या बाजारापर्यंत जाई, तेही दोन्ही पाय एका बाजूला टाकून, डोळे मिटून.

“साडीवर नाही जमणार आई,” समता म्हणाली. “माझा पंजाबी ड्रेस घाल.”

तर मंजुश्री मुलीचा ड्रेस, नवऱ्याचं जॅकेट आणि हेल्मेट घालून इटलीवालीवर दोन्हीकडे पाय टाकून बसली. मेहकरपर्यंत तिनं समताची कंबर इतकी आवळली की पोरगी म्हणाली, आई, श्वास घेऊ दे. मेहकर सुटलं, चिखलीचा रस्ता लागला, आणि तिनं पहिल्यांदा मान उचलून आजूबाजूला पाहिलं. हरभरा गुडघ्याएवढा झाला होता. कपाशी वेचणाऱ्या बाया कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, गाडीकडे बघत. एकीनं हात केला. मंजुश्रीनं एक हात सोडून तिला हात केला, आणि मग लक्षात आल्यावर घाईनं पुन्हा धरलं.

बुलढाण्याला आरटीओच्या मैदानात ट्रॅक्टर, टेम्पो, स्कूलबस यांच्या रांगेत इटलीवाली उभी राहिली तेव्हा आपापली कामं सोडून माणसं जमली. तपासणीला आलेल्या इन्स्पेक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी चेसीस नंबर टॉर्च मारून वाचला, दिवे पाहिले, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबून पाहिले, धुराचं प्रमाणपत्र पाहिलं. मग म्हणाल्या, “सुरू करा.”

समतानं सुरू केली. बाई वाकल्या, कान दिला, आणि त्यांच्या कपाळावर आठी पडली.

“हा खळखळ आवाज कसला?”

“तो असाच वाजतो,” समता, रवी, मंजुश्री आणि अश्वजित एकदमच म्हणाले. मागून बनाबाईनंही म्हटलं, तिला क्लच म्हणजे काय हे ठाऊक नसताना.

बाईंनी मागं बघितलं. काठी टेकून उभे असलेले कचरूबाबा त्यांना सर्वांत विश्वासाचे वाटले असावेत. “बाबा, खरं का?”

“बत्तीस वर्षं एसटी चालवली, बाई. खोटं आवाजावर नाही बोलत. क्लच कोरडा आहे तिचा. इंजिन सोन्यासारखं आहे.”

“चालवते कोण?”

“मी,” समता म्हणाली. “जानेफळहून आणली.”

इन्स्पेक्टर बाईंनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, ग्रीस लागलेल्या नखांपर्यंत. मग त्या कागदावर लिहू लागल्या. “पाच वर्षं,” त्या म्हणाल्या. “आणि एक विचारू? मैदानाला एक चक्कर मारून दाखवता का? तपासणी झाली आहे. मलाच बघायचं आहे.”

समतानं चक्कर मारली. स्कूलबसमधल्या ड्रायव्हरनं टाळ्या वाजवल्या. अश्वजित बाजूला जाऊन फोनवर बोलत होता, “नाही हो साहेब, पासिंग झालं तिचं. तुम्ही दुसरी पाहा,” आणि असं सांगताना त्याला इतका आनंद का होतो आहे हे त्यालाही कळत नव्हतं.

काम संपलं असं सगळ्यांना वाटलं. तेव्हा रवीनं पिशवीतून आणखी एक कागद काढला. मालकाचं नाव बदलायचा अर्ज होता तो. रात्रीतून त्यानं मंजुश्रीकडून भरून घेतला होता. तेवढी एक गोष्ट घरात आता फक्त त्या दोघांना ठाऊक होती. घेणाऱ्याच्या जागी समता रवी तायडे असं लिहिलेलं होतं.

समता वाचत राहिली. “पप्पा, तुमचीच राहू द्या ना. मी चालवते नुसती.”

“जी चालवते अन् जिले खूण दिसते, तिचीच असते गाडी. मी सांगायले आहेच.”

अश्वजितनं कारच्या बोनेटवर कागद ठेवला. रवीनं पेन घेतलं. हात हलू लागला, पेनाचं टोक कागदावर टिकेना. एक रेघ नको तिकडे गेली. आजूबाजूला चाळीस माणसं होती. रवीनं हात खिशात घातला नाही. कचरूबाबा पुढं झाले. त्यांनी काठी बनाबाईकडे दिली, एक तळवा कागदावर दाबून धरला आणि दुसरा लेकाच्या मनगटाखाली ठेवला, नुसता आधाराला.

“घाई कायची आहे,” ते म्हणाले. “लिही सावकाश.”

रवीनं सावकाश सही केली. अक्षरं वेडीवाकडी आली, पण नाव पुरं आलं. त्याखाली समतानं सही केली. मंजुश्रीनं पाहिलं, बापलेकीच्या सह्या एकाच वळणाच्या होत्या. र आणि त ची शेपटी दोघंही तशीच लांब ओढत.

परतीला ऊन चांगलं वर आलं होतं. चिखलीत सगळ्यांनी भजी खाल्ली. बनाबाईनं चार जास्त मागवली आणि हबीबसाठी बांधून घेतली. मग कार पुढं आणि इटलीवाली मागं अशी वरात निघाली, कारण अश्वजितचं म्हणणं होतं की त्याला आरशात दोघी दिसत राहिल्या पाहिजेत. चिखली मागं पडलं. रस्ता सरळ झाला, दोन्ही बाजूंना पिवळी पडत आलेली तूर, पुढं लांबवर कोणी नाही, आणि मधोमध चाळीसच्या वेगानं चाललेली अश्वजितची पांढरी कार. मागच्या काचेतून कचरूबाबांचं डोकं वळून बघताना दिसत होतं.

समतानं हेल्मेटची काच वर करून मान जरा मागं वळवली. “आई, काकाच्या मागं असंच जायचं का? का जरा वाढवू?”

मंजुश्रीनं दोन्ही हातांनी लेकीची कंबर धरली, आवळली नाही. वारा जॅकेटात शिरत होता आणि पायाखाली ते जुनं इंजिन बिनचूक ठोकत होतं. डोळे उघडे ठेवून तिनं पुढचा रस्ता नीट पाहून घेतला.

“हाव,” ती म्हणाली. “वाढव.”